चेनसॉची चेन : तीन आकड्यांचा इतिहास

गेल्या वर्षी मे महिन्यात माझ्या धाकट्या भावाच्या गुडघ्याला सहा टाके पडले. अंगावर झाड पडले नव्हते, की तो शिडीवरून घसरला नव्हता. चेनसॉची चेन चालता चालता पट्टीवरून उतरली आणि चाबकासारखी मागे आली. पँट जाड होती म्हणून सहा टाक्यांवर निभावले. नंतर कारण शोधत गेले तेव्हा कळले की सारा फरक मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाचा होता. ती चेन मीच मुंबईहून नेऊन दिली होती, म्हणून हा लेख मला लिहावासा वाटला.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. यंत्रांशी माझा संबंध मिक्सर आणि शिलाई मशीनपुरता. माझे माहेर श्रीवर्धन तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर आले. एका दुपारीत आमच्या वाडीतल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडून पडल्या. माड मुळासकट उलटले. आजोबांच्या हातचा फणस घराच्या पडवीवर आडवा झाला. लॉकडाऊन सुरू होता, मजूर नव्हते, वीज तर कितीतरी दिवस नव्हती. कुऱ्हाडीने एक माड तोडायला अर्धा दिवस जायचा. तेव्हा मोहल्ल्यातल्या चार घरांनी वर्गणी काढून पेट्रोलवर चालणारी एक चेनसॉ मागवली. ५८ सीसी, २२ इंची पट्टी, बनावट चिनी. आमच्याकडे तिला सगळे ‘कटर’ म्हणतात. त्या कटरने चार घरांच्या वाड्या मोकळ्या केल्या आणि मग ती माझ्या भावाच्या ताब्यात राहिली.

चेन घासून घासून संपली तेव्हा भावाचा फोन आला, “आपा, येताना २२ इंचीची चेन घेऊन ये.” मी दुकानात जाऊन तेच शब्द उच्चारले. दुकानदाराने २२ इंचीची चेन दिली. गावी नेली तर ती चक्रीवर बसेचना. परत आणली आणि दुसऱ्या दुकानातून दुसरी घेतली. ती चक्रीवर बसली, पट्टीच्या खाचेतही बसली. भाऊ खूश झाला. मात्र काप सरळ जाईना, जाड ओंडक्यात तो तिरका तिरका सरकत जायचा. भावाला वाटले धार एका बाजूची कमी आहे. त्याने कानस मारली, चेन आवळली, पुन्हा लावली. चौथ्या दिवशी ती उतरली. अशी उतरलेली चेन अडवायला मशीनच्या पोटाशी एक छोटी खुंटी असते. आमच्या मशीनची ती कधीच तुटून गेली होती आणि ती कशासाठी होती हेही कुणाला माहीत नव्हते.

मग मी शिक्षक करतात तेच केले, अभ्यास केला.

आधी आकडे

लांबीवरून चेन विकत घेता येत नाही, ही पहिली गोष्ट मला उशिरा कळली. २२ इंच हा पट्टीचा कापणारा भाग झाला. पट्टीचे शेपूट मशीनच्या पोटात किती जाते, चक्री किती लांब आहे, यावर चेनची खरी लांबी ठरते. दोन वेगळ्या मशीनच्या दोन २२ इंची पट्ट्यांना वेगवेगळी चेन लागू शकते. म्हणून चेन तीन आकड्यांनी ओळखतात : पिच, गेज आणि कड्यांची संख्या.

पिच म्हणजे एका कडीपासून दुसऱ्या कडीपर्यंतचे अंतर. ते मोजायची रीत थोडी गमतीची आहे. शेजारशेजारच्या तीन रिव्हेटांमधले अंतर घ्यायचे आणि त्याचे निम्मे करायचे. दोनच रिव्हेट मोजले तर चालत नाही, कारण कड्या आलटून पालटून लहानमोठ्या असतात. हे मुलांच्या कंपासपेटीतल्या पट्टीनेही जमते. तीन रिव्हेटांमध्ये साधारण साडेसोळा मिलिमीटर भरले तर पिच ०.३२५ इंच, एकोणीस भरले तर ३/८ इंच. आमची मशीन पहिल्या जातीची होती. पहिल्या दुकानदाराने दुसऱ्या जातीची चेन दिली, म्हणून ती चक्रीच्या दातांत उतरलीच नाही. ही चूक निदान प्रामाणिक होती, लगेच दिसली.

गेजची चूक दिसत नाही. चेनच्या प्रत्येक दुसऱ्या कडीला खाली एक जीभ असते. ती पट्टीच्या खाचेत उतरते आणि चक्रीचा दात तिलाच ढकलतो. इंग्रजीतून आलेले तिचे नाव ड्राइव्ह लिंक. या जिभेची जाडी म्हणजे गेज. बाजारात मुख्यतः ०.०४३, ०.०५०, ०.०५८ आणि ०.०६३ इंच अशा चार जाड्या चालतात, म्हणजे १.१, १.३, १.५ आणि १.६ मिलिमीटर. आमच्या पट्टीची खाच ०.०५८ ची. मी नेलेली दुसरी चेन ०.०५० ची. जाड जीभ अरुंद खाचेत गेलीच नसती आणि चूक तिथेच पकडली गेली असती. पण पातळ जीभ रुंद खाचेत आनंदाने जाते, फक्त उभी राहत नाही, एका अंगाला कलते. कललेले दात कललेला काप घेतात. त्यात चेन थोडी सैल पडली की उतरायला कारणच मिळते. ०.०५८ मधून ०.०५० वजा केले तर ०.००८ इंच उरतात. ते झाले ०.२ मिलिमीटर.

तिसरा आकडा नुसता मोजायचा, म्हणजे जिभा किती ते. आमच्या जुन्या चेनला ८६ होत्या. चेन पंचक्रोशीतल्या कुठल्याही दुकानात न्या, या तीन आकड्यांखेरीज दुसरे काही विचारायची गरज नाही. हे आकडे बहुतेक वेळा पट्टीच्या शेपटाकडे कोरलेलेही असतात. आमच्या पट्टीवरही होते. चार वर्षांच्या तेलाच्या आणि भुशाच्या थराखाली.

दातांच्या मागची माणसे

इथवर आल्यावर माझ्यातली भाषेची शिक्षिका जागी झाली. करवत हा शब्द संस्कृत करपत्रापासून आला. फारसीत करवतीला अर्रा म्हणतात, त्यावरून उर्दूत आरा, आणि आरा चालवणारा तो आराकश. मराठीत मात्र आरी म्हणजे चांभाराचे टोचायचे हत्यार. उर्दूत आरी म्हणजे लहान करवत. दरवर्षी वर्गात एखादे तरी मूल यात अडकते. शब्दांची ही गुंतागुंत मला पाठ होती, पण करवत साखळीची कधी आणि का झाली हे मी कधी विचारले नव्हते.

याबद्दल हल्ली मोबाइलवर एक व्हिडिओ फिरतो की चेनसॉ बाळंतपणासाठी शोधली गेली. मी दोन मुलांची आई आहे, त्यामुळे तो पाहून अंगावर काटा आला. शोधल्यावर कळले की ते अर्धे खरे आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमध्ये जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्रे नावाचे दोन डॉक्टर होते. एटकेनच्या प्रसूतिशास्त्रावरील पुस्तकाच्या १७८५ च्या आवृत्तीत एका साखळी-करवतीचे चित्र आहे. घड्याळाच्या साखळीसारखी बारीक साखळी, तिच्या कड्यांना आतल्या अंगाने दात, दोन टोकांना दोन मुठी. बाळ अडले की ओटीपोटाच्या पुढचा हाडांचा सांधा कापून वाट मोठी करायची, त्यासाठी ती. पोट फाडून बाळ काढणे म्हणजे तेव्हा बहुधा आईचा मृत्यूच. भूल द्यायची विद्या यायला अजून अर्धे शतक होते. जेफ्रेला ती सडलेली हाडे काढायला हवी होती. सरळ करवत आजूबाजूचे मांस फाडते, साखळी हाडाच्या मागून वळवून घेता येते, हा त्यामागचा विचार. तो क्रूर नव्हता, उलट कमी इजा व्हावी म्हणून होता. पण त्या टेबलावरच्या बाईला यातला फरक कितीसा जाणवला असेल?

व्हिडिओवाले पुढची पायरी सांगत नाहीत आणि आमच्या कामाची तीच आहे. १८३० मध्ये जर्मनीतल्या बर्नहार्ड हाइनेने हाड कापायचे एक यंत्र बनवले. त्यात साखळी दोन हातांत धरलेली नव्हती. ती एका पातळ पात्याच्या कडेने फिरत होती आणि बाजूचा दांडा हाताने गरगरा फिरवला की धावत होती. म्हणजे साखळीला आधार देणारी पट्टी आली. आज दुकानात ‘बार’ म्हणून जी वस्तू मागतो, तिची कल्पना पूर्ण रूपात इथे दिसते. पुढे १८९४ मध्ये लिओनार्डो जिलीने तारेची करवत आणली. ती स्वस्त आणि सोपी होती, त्यामुळे वैद्यकातली साखळी मागे पडली. लाकडाची चेनसॉ या डॉक्टरांची थेट वंशज आहे असे मी म्हणणार नाही. एकच कल्पना माणसाला दोन वेगळ्या अडचणींत सुचू शकते.

लाकडाकडची अडचण वेगळी होती. निसर्गने आमच्या घराची कौले उडवली तेव्हा पहिल्यांदाच वासे आणि माळ्याच्या फळ्या उजेडात आल्या. फळ्यांच्या खालच्या अंगाला तिरक्या, थोड्या वाकड्या रेघा होत्या, अंतर कुठे कमी कुठे जास्त. पडवीला नंतर जोडलेल्या फळ्यांवर मात्र कमानीसारख्या गोल रेघा. आमच्या गावच्या म्हाताऱ्या सुताराने समजावले. गोल रेघा वखारीतल्या गोल पात्याच्या. तिरक्या रेघा हाताच्या करवतीच्या. ओंडका उंच घोडीवर चढवायचा, एक माणूस वर, एक खाली, आणि मधे माणसाएवढी करवत. प्रत्येक रेघ म्हणजे एक ओढ. जिथे रेघा जवळजवळ येतात तिथे माणसे दमली होती. खालच्या माणसाच्या डोळ्यांत दिवसभर भुसा. पणजोबांच्या काळात असे करवतवाले येऊन अंगणात आठवडेच्या आठवडे मुक्काम करत, असे आमची दादी सांगायची. कुणाचेही नाव तिला आठवत नव्हते. रेघा तेवढ्या राहिल्या.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या रेडवूड झाडांपुढे अशा करवतीही तोकड्या पडत. १९०५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सॅम्युअल बेन्सने अखंड फिरणाऱ्या साखळी-करवतीचे पेटंट घेतले, ते त्या अवाढव्य झाडांसाठी. मग जर्मनी. आंद्रेआस श्टीलने १९२६ मध्ये विजेवर चालणारी आणि १९२९ मध्ये पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत काढली. दरम्यान १९२७ मध्ये एमिल लेर्पने थुरिंगियातल्या डोल्मार डोंगरावर आपली मशीन चालवून दाखवली आणि डोंगराचेच नाव तिला दिले. ही यंत्रे चाळीस किलोंहून जड. चालवायला पुन्हा दोन माणसे. वर एक आणि खाली एक ऐवजी इकडे एक आणि तिकडे एक, एवढाच काय तो बदल.

इंजिन हलके होत गेले, ती कथा सगळे सांगतात. चेनची कथा कुणी सांगत नाही. खरे तर अडून राहिली होती ती चेनच. सुरुवातीच्या चेनचे दात हातकरवतीच्या दातांची नक्कल होती. काही दात दोन्ही बाजूंना चिरे पाडणारे, काही मधला भाग खरवडून बाहेर काढणारे. करवतीला हे शोभत होते, कारण माणसाचा हात हळू चालतो. वेगात धावणाऱ्या साखळीवर ते दात खरवडत बसायचे, पिठासारखा भुसा पडायचा, धार भराभर जायची. आणि प्रत्येक जातीच्या दाताला वेगळी कानस, वेगळा कोन. जंगलात कापण्यापेक्षा धार लावण्यातच वेळ जाई.

१९४६ च्या शरदात ऑरेगॉन राज्यातला जोसेफ बफर्ड कॉक्स नावाचा लाकूडतोड्या सरपण फोडत होता. एका बुंध्यात त्याला लाकूड पोखरणारी अळी दिसली, माणसाच्या तर्जनीएवढी. ती रेषांच्या दिशेनेही तितक्याच सहज खात होती आणि आडवीही. त्याने तिचे तोंड निरखून पाहिले. दोन जबडे, इंग्रजी सी अक्षरासारखे वळलेले, एक डावीकडे कापणारा, एक उजवीकडे. आमच्याकडे आंब्याला जो भिरूड लागतो तो याच कुळातला. कोकणातल्या प्रत्येक बागायतदाराने भिरुडाच्या भोकात तार घालून तो मारला आहे. त्याच्या जबड्याकडे बघत बसायची फुरसत मात्र कुणाला झाली नसावी. मलाही झाली नसती.

कॉक्सने त्या जबड्याची पोलादात नक्कल केली. एक डावा दात, एक उजवा दात, दोन्हींचा माथा आत वळलेला. असा दात खरवडत नाही, रंधा मारतो. बाजूची धार रेषा तोडते आणि माथ्याची धार ढलपी उचलते. पोर्टलंडमधल्या आपल्या घराच्या तळघरात १९४७ मध्ये त्याने या चेनचा कारखाना सुरू केला आणि राज्याचे नाव कंपनीला दिले, ‘ऑरेगॉन’. काही वर्षांत त्याने ती विकलीही. पण आज जगात कुठलीही चेनसॉ घ्या, जर्मन, स्वीडिश, जपानी, चिनी, तिच्या दातांचा आराखडा मुळात त्याच अळीचा आहे.

प्रत्येक दाताच्या पुढे एक बुटका उंचवटा असतो. दात किती खोल शिरेल हे तो ठरवतो. साखरेच्या एका कणाएवढा तो दातापेक्षा खाली असतो. जास्त खाली घासला तर दात अधाशासारखा लाकडात रुततो आणि मशीन झटका मारते. अमेरिकेतले लाकूडतोडे अजून त्याला ‘रेकर’ म्हणतात. रेकर म्हणजे भुसा ओढून काढणारा. जुन्या चेनच्या त्या खरवडणाऱ्या दाताचे हे नाव, काम संपले तरी चिकटून राहिलेले. आपण नाही का स्टीलच्या पेल्याला ग्लास म्हणत!

आकडे इंचात का, हा प्रश्नही इथेच सुटतो. चेनची भाषा अमेरिकेत घडली. युरोपीय कंपन्या गेज मिलिमीटरमध्ये लिहितात, पण पिच सगळे इंचातच बोलतात. आपण तरी कुठे वेगळे आहोत? किलोमीटरने चालणाऱ्या देशात वखारीत लाकूड अजून घनफुटावर विकले जाते.

नागदेवी स्ट्रीट

एवढे वाचून झाल्यावर मी तिसऱ्यांदा बाजारात गेले. या वेळी पिशवीत जुनी चेन, जुनी पट्टी आणि मशीनची चक्रीही होती. मुंबईत हत्यारे आणि यंत्रांचे सुटे भाग घ्यायचे तर नागदेवी स्ट्रीट. हातगाड्या, हमाल आणि ग्रीसचा वास. पाच-सहा दुकानांत ‘चेन बताओ मॅडम’ झाले. एका अरुंद दुकानात पांढऱ्या दाढीचे, डोक्यावर सोनेरी काठाची टोपी घातलेले बोहरी शेठ बसले होते. मी सवयीने म्हणाले, “बावीस इंची…” त्यांनी हात वर केला. “बेन, लंबाई मत बोलो. गिनती बोलो.”

मी तीन आकडे बोलले. त्यांनी चष्म्यावरून पाहिले. मग माझ्यावर विश्वास न ठेवता स्वतः मोजले. तीन रिव्हेटांना व्हर्नियर लावला. जिभेची जाडी घेतली. हे मला फार आवडले. मग त्यांनी पट्टी उचलली आणि चेनकडे बघायचे सोडून तिच्याकडे बघत राहिले.

पट्टीची एक कड दुसरीपेक्षा झिजली होती. काठांवर धातूची पातळ बर बाहेर आली होती, बोटाला टोचणारी. त्यांनी पट्टी काचेच्या काउंटरवर कडेवर उभी केली. ती एका अंगाला कलली. पातळ चेनने चार दिवसांत जे केले होते, त्याआधी चार वर्षे एकाच बाजूने वापरून निम्मे आम्हीच केले होते. पट्टी दर काही दिवसांनी उलटी करायची असते, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. दोन्ही कडा सारख्या असाव्यात म्हणूनच ती वरून खालून एकसारखी बनवलेली असते. आमच्या मोहल्ल्यात हे कुणालाही ठाऊक नव्हते. शेठ म्हणाले, या पट्टीवर नवी चेन देणार नाही. मला वाटले विकायची युक्ती. पण हिशेब पटण्यासारखा होता. झिजलेली पट्टी नव्या चेनला खाते, आणि झिजलेल्या चक्रीचे दात नव्या चेनच्या जिभा खातात. पट्टीला तीन-चार चेन पुरतात, चक्रीला साधारण दोन. एकातले काही बदलायचे तर बाकीच्या दोघांकडे आधी बघायचे.

मग त्यांनी विचारले, कापता काय? मी सांगितले : माड, पोफळ, फणस, आंबा, कधी ऐन-किंजळ. बहुतेक पडलेले, वाळूत आणि जांभ्याच्या मातीत लोळलेले. त्यांनी चौकोनी कोपऱ्याच्या दातांची चेन बाजूला सारली. ती वेगात कापते, पण स्वच्छ आणि मऊ लाकडात. मातीचा एक कण लागला की तो टोकदार कोपरा जातो आणि मग पूर्ण दात बोथट. आपल्याला गोलसर कोपऱ्याची हवी, जिला सेमी-चिझल म्हणतात. कापायला थोडी हळू, पण मार सोसते. माडाचे बाहेरचे कवच तर कानशीसारखेच असते, चांगल्या चांगल्या दातांची धार तासाभरात उतरवते.

शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो मी एकटी असते तर विचारलाच नसता. २२ इंच कशाला? आमच्या वाडीत फुटापेक्षा जाड खोड क्वचित. मोठी पट्टी घेण्यात एक प्रकारचा पुरुषी मान असतो, असे मला वाटते. वर्गणी काढतानाही ‘सगळ्यांत मोठी घ्या’ एवढेच ठरले होते. पट्टी जितकी लांब तितका इंजिनवर भार, धार लावायला तितके दात, आणि तिचे टोक माणसाच्या नजरेपासून तितके दूर. धोका त्या टोकाच्या वरच्या अर्ध्या गोलाईतच असतो. तिथले दात कशाला टेकले की पट्टी क्षणात उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येते. म्हणून तर १९७० च्या दशकापासून चेनसॉला पुढे हाताजवळ ब्रेक आला. मनगट पुढे गेले की चेन जागच्या जागी थांबते. आमच्या मशीनला तो आहे. चालतो की नाही हे कुणी तपासले नव्हते.

आम्ही १८ इंची पट्टी घेतली. त्याच मशीनला बसणारी, नाकात छोटी चक्री असलेली, म्हणजे वळणावर चेन घासत नाही. शेठनी भिंतीवरच्या रिळावरून चेन ओढली. अशी चेन शंभर फुटांच्या रिळात येते. त्यांनी ७२ जिभा मोजल्या, एका छोट्या हातयंत्राने रिव्हेट दाबून काढला, दोन टोके जोडली आणि दुसऱ्या यंत्राने नवा रिव्हेट फिरवून फिरवून बसवला. तशा दोन चेन, एक चक्री, ४.८ मिलिमीटरची गोल कानस. मी विचारले, दोन चेन कशाला? एक बोथट झाली की माणूस वैतागून जोर लावतो, दुसरी खिशात असेल तर बदलतो. निघताना त्यांनी ती तुटलेली खुंटीही शोधून दिली. तिचे पैसे घेतले नाहीत.

घरी आल्यावर भावाने पट्टीकडे बघून नाक मुरडले. “आपा, ही तर लहान आहे.” मी गुडघ्याकडे बोट केले. मग तो काही बोलला नाही. चेन बसवताना त्याच्या मुलीने पेटीच्या झाकणावर काळ्या मार्करने आकडे लिहिले, ०.३२५, ०.०५८, ७२. खाली तेच उर्दूत लिहायला तिला मी लावले. आकडे सुधारावे लागले नाहीत, फक्त उर्दूतला पाच तिने उलटा काढला होता.

ब्रेक तपासला, चालत होता. पडवीमागे निसर्गने पाडलेल्या फणसाचा एक ओंडका अजून होता. काप सरळ उभा खाली गेला. मी जाऊन भुसा मुठीत घेतला. तो पीठ नव्हता, पिवळ्या जाड ढलप्या होत्या, रंध्याखाली पडतात तशा. भाऊ इंजिन बंद करून म्हणाला, पट्टी आता कधी उलटायची? मी कॅलेंडरवर पुढच्या शुक्रवारी खूण करून ठेवली.